खेळणार का?

दारातून आत आलेलं माणूस पहिल्यांदा कुठे बघतं, हे मी पाच वर्षं एका खेळांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून पाहिलं. नेहमीचे खेळाडू थेट मागच्या टेबलांकडे बघतात. आज कोण आलंय, कुणाची खुर्ची रिकामी आहे, हे त्यांना हवं असतं. नवा माणूस भिंतीकडे बघतो. भिंतीवर खालपासून छतापर्यंत खोकी आणि त्यातलं एकही नाव ओळखीचं नाही. आपल्याकडचे आईबाप असले, तर मूल दोन पावलं पुढे आणि ते दारातल्या पायपुसण्यावरच. ओले बूट पुसत तिथेच थांबतात. त्या अर्ध्या मिनिटात दुकानातलं कुणी त्यांच्याशी काय बोलतं, यावर ती माणसं परत येणार की नाही ते ठरतं.

सिॲटलला नव्याने आलेली मराठी कुटुंबं मला अजूनही विचारतात, ‘ताई, मुलाला मॅजिकच्या पत्त्यांचं वेड लागलंय, कुठल्या दुकानात नेऊ?’ कुणाला घरी खेळायला बोर्ड गेम हवे असतात, कुणाच्या मुलीला डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या गटात शिरायचं असतं. एक नाव सांगून मोकळं होणं सोपं आहे. पण दुकानांचे मालक बदलतात, माणसं बदलतात, आणि एकाला मानवलेलं दुकान दुसऱ्याला मानवेलच असं नाही. म्हणून नावाऐवजी, दुकान पारखायला मी कशी शिकले ते सांगते.

मी २०१३ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले. एच-४ व्हिसावर मला काम करायची परवानगी नव्हती. डिसेंबरात इथे साडेचारच्या आत सूर्य मावळतो, पाऊस दिवसभर भुरभुरत असतो आणि नवरा घरी येईपर्यंत बोलायला कुणी नसतं. मी मूळची वाईची. सुट्टीत आजीच्या माजघरात दुपारभर पत्ते चालायचे, बदाम सातपासून मेंढीकोटापर्यंत. पाऊस लागला की आजी कापडी पट काढून कवड्या टाकायला बसायची. शेजाऱ्यांकडे एका रात्री कॅटन हा बोर्ड गेम खेळले, तेव्हा कितीतरी महिन्यांनी मी मनापासून हसले होते. तोच खेळ विकत घ्यावा म्हणून आम्ही दोघं घराजवळच्या एका दुकानात गेलो.

त्या दुकानाचं नाव सांगत नाही. मी काउंटरवर विचारलं, कॅटन दोघांना खेळता येतो का? उत्तर आलं, पण माझ्या नवऱ्याकडे बघून. वाढीव संच वेगळा घ्यावा लागतो का, हेही मीच विचारलं. तेही उत्तर नवऱ्यालाच मिळालं. तिसऱ्या प्रश्नाला नवऱ्याने सरळ सांगितलं, ‘प्रश्न ती विचारतेय.’ मागच्या टेबलावरचे चौघे मान वर करून बघायला लागले आणि पुन्हा आपल्या पत्त्यांत गेले. आम्ही काही न घेता बाहेर पडलो. खेळ ऑनलाइन मागवला. त्यानंतर दीड वर्ष मी अशा कुठल्याच दुकानाची पायरी चढले नाही. एका माणसाच्या नजरेने एवढं नुकसान होतं. ते माझं तर झालंच, त्या दुकानाचंही झालं.

आमचं दुकान, म्हणजे जिथे पुढे मी काम केलं ते, लेक वॉशिंग्टनच्या पूर्वेला एका स्ट्रिप मॉलमध्ये, ड्राय क्लीनर आणि तेरियाकीचं हॉटेल यांच्यामध्ये होतं. नवऱ्याचा कोट तयार व्हायला वीस मिनिटं होती आणि बाहेर पाऊस होता, म्हणून मी आत गेले. काउंटरवरच्या पिकल्या केसांच्या बाईंनी खोकी दाखवली नाहीत, काय हवंय तेही विचारलं नाही. त्या म्हणाल्या, ‘आम्हाला एक माणूस कमी पडतंय. खेळणार का?’

टेबलावर त्या बाई, एक निवृत्त शिक्षक, शाळा सुटल्यावर आलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आणि चौथी जागा माझी. खेळ कार्कासोन. क्लाउस-युर्गेन व्रेडे या जर्मन माणसाने केलेला, २००० साली आलेला. ७२ चौकोनी तुकडे, कुठल्यावर रस्ता, कुठल्यावर तटबंदीचं शहर, कुठल्यावर शेत. एक तुकडा उचलायचा, कडेला कड जुळवून लावायचा, वाटलं तर त्यावर आपला लाकडी माणूस उभा करायचा. पहिल्या पाच मिनिटांत त्या मुलाने मला माझीच एक चांगली चाल दाखवली, जी त्याला महागात पडणार होती. कोट आणायला मी पावणेदोन तासांनी गेले.

त्या बाई दुकानाच्या मालकीण. त्यांची आधीची सगळी नोकरी शाळेच्या ग्रंथालयात गेली होती आणि ते दुकानाच्या मांडणीतच कळायचं. दुसरीकडे खोकी कंपनीप्रमाणे किंवा किमतीप्रमाणे लावलेली असतात. यांनी ती माणसांप्रमाणे आणि वेळेप्रमाणे लावली होती. दोघांसाठी, अर्धा तास. चौघांसाठी, एक तास. सहाच्या वर माणसं, गप्पा मारत. पूर्ण रविवार हाताशी आहे त्यांच्यासाठी फडताळाचा सगळ्यात खालचा खण, कारण तिथली खोकी जड. ग्लूमहेवनचं खोकं दहा किलोच्या आसपास भरतं, ते वरच्या खणातून कुणाच्या डोक्यात पडायला नको. दुकान पारखायला नव्या ठिकाणी गेले की मी आजही आधी मांडणी बघते. दारातून आलेल्या नवख्या माणसाला आपलं आपण काही सापडेल, असा विचार कुणी केलाय का?

एच-४ वरच्या काही जणांना मे २०१५ पासून कामाचा परवाना मिळू लागला. माझं कार्ड २०१६ मध्ये हातात आलं आणि मी पहिल्यांदा विचारलं ते या दुकानातच. मालकीणबाईंनी माझा बायोडेटा वाचला नाही. त्याच वेळी एक आजी आणि तिचा सात वर्षांचा नातू आत आले होते. त्यांच्याकडे बोट दाखवून बाई म्हणाल्या, ‘यांना कार्कासोन शिकव.’

मला दुसरी पद्धतच माहीत नव्हती, म्हणून मी माझ्या आजीसारखं शिकवलं. ती सारीपाट शिकवताना पहिल्यांदा पटाच्या मधोमध बोट ठेवायची. ‘इथून निघायचं, सगळा फेरा मारायचा आणि इथेच परत यायचं. ज्याच्या सगळ्या सोंगट्या आधी घरी, तो जिंकला.’ आधी शेवट सांगायचा. मग दान कसं टाकायचं, मग सोंगटी कशी मरते, आणि बारीकसारीक नियम ज्या वेळी अडेल त्या वेळी. मी त्या मुलाला तसंच सांगितलं: शेवटी गुण जास्त ते जिंकलं, गुण शहर पूर्ण केल्यावर मिळतात, आता हा तुकडा उचल. मुलगा तिसऱ्या तुकड्याला स्वतः नियम सांगायला लागला. मी नोकरीला लागले.

चांगल्या दुकानात खेळ शिकवणारी माणसं असतात, हे मी तेव्हापासून धरून चालते. तुम्ही जाल तेव्हा काउंटरवरच्या माणसाला एखादा खेळ समजावून सांगायला लावा. तो खोक्यामागचा मजकूर वाचून दाखवत असेल, तर त्याने तो खेळलेला नाही. तो तुम्हालाच उलटं विचारत असेल, की घरी किती जण, वयं काय, हरल्यावर रुसणारं कुणी आहे का, तर त्याच्या हाती पैसे द्यायला हरकत नाही. उघडलेले, खेळून बघायचे खेळ फडताळात आहेत का, तेही बघा. आमच्याकडे तसे दीडशेवर होते. त्यांतला हरवलेला एकेक ठोकळा शोधायला मालकीणबाई गुडघ्यांवर बसून टेबलाखाली बॅटरी मारायच्या.

शुक्रवारची गोष्ट वेगळी. मॅजिक: द गॅदरिंग हा खेळ याच परिसरातला. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने तो रचला आणि विझार्ड्स ऑफ द कोस्टने १९९३ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आणला. कंपनी आजही आमच्या दक्षिणेला रेन्टनमध्ये आहे. २००० सालापासून शुक्रवारची रात्र जगभरातल्या दुकानांत मॅजिकची असते. आमच्याकडे ड्राफ्ट व्हायचा. आठ जण एका टेबलाभोवती, प्रत्येकापुढे तीन बंद पाकिटं. पाकीट फोडायचं, एक पान ठेवायचं, बाकीची डावीकडच्याला द्यायची. उजवीकडून आलेल्यातलं एक ठेवायचं, पुन्हा पुढे. दुसऱ्या पाकिटाला दिशा उलटी, तिसऱ्याला पुन्हा डावीकडे. जमलेल्या पानांतून चाळीस पानांचा जोड बांधायचा आणि खेळायचं. आपल्या पत्त्यांत हात कसा येईल ते पिसणाऱ्याच्या हाती. इथे आपला हात आपणच निवडतो आणि शेजाऱ्याला काय सोडलं तेही लक्षात ठेवतो. पहिल्यांदा खेळणारा त्यात हमखास गांगरतो.

दुकानाचा खरा स्वभाव कळतो तो इथे. मालकीणबाईंचे दोन नियम होते. नवा खेळाडू कधीही दोन पट्टीच्या खेळाडूंच्या मध्ये बसवायचा नाही. त्याच्या एका बाजूला तरी शिकवायची आवड असलेला माणूस हवा. आणि बक्षिसं पहिल्या नंबराला सगळी द्यायची नाहीत. जेवढे डाव जिंकाल तेवढी पाकिटं, आणि तिन्ही डाव हरलात तरी घरी जाताना एक पाकीट हातात. हे फार साधं दिसतं, पण याने टेबलावरची हवा बदलते. ज्या दुकानात सगळं बक्षीस वरच्या एक-दोघांना, तिथे काही महिन्यांत तेवढीच धारदार माणसं उरतात आणि नवखे येईनासे होतात. मी दुसऱ्या ठिकाणी हे होताना पाहिलं आहे. म्हणून दुकानात फोन करून बक्षिसं कशी वाटता ते नक्की विचारा.

हरलेल्या मुलाचं काय होतं, तेही बघा. आमच्याकडे एक उंच, अबोल सुतार दर शुक्रवारी यायचा. त्याचे हात एवढे मोठे, की पानं त्यात दिसायचीही नाहीत. डाव संपला, की तो दोघांची पानं सरळ करून टेबलावर मांडायचा आणि समोरच्याला म्हणायचा, ‘चौथ्या वेळी हे खेळला असतास, तर मी गेलो होतो.’ बारा वर्षांच्या मुलाशीही तो याच स्वरात बोलायचा. अशी दोन-तीन माणसं जिथे आहेत, ते दुकान कितीही लहान आणि कळकट असलं तरी चांगलं.

आता खरेदीच्या काउंटरबद्दल सांगते. गिऱ्हाइकाला दुकान पारखायला याहून चोख जागा नाही, आणि तिकडे कुणी बघतही नाही. अशी दुकानं जुनी पानं विकतही घेतात. रोख हवे असतील तर एक भाव, दुकानातच खर्च करणार असाल तर क्रेडिट म्हणून थोडा वरचा भाव. पानाच्या कडा झिजल्या आहेत का, पाठीला पांढरं पडलंय का, हे उजेडात धरून बघायचं आणि त्यावर किंमत. २०१८ च्या वसंतात एक बाई बुटांच्या खोक्यात भरून मॅजिकची पानं घेऊन आल्या. भाऊ वारला होता, खोली रिकामी करत होत्या. ‘याचे वीसेक डॉलर येतील का?’ म्हणाल्या. मी खोकं उघडलं. वरच्या थरात सामान्य पानं. त्याखाली वहीच्या कागदात गुंडाळलेली अकरा पानं, पांढऱ्या कडेची, १९९४ च्या आवृत्तीतली, दुहेरी जमिनीची. ही पानं पुन्हा छापणार नाही असं कंपनीने १९९६ मध्येच जाहीर केलेलं असल्याने त्यांचा भाव चढत गेलेला. त्यातलं चांगल्या स्थितीतलं एक पानच शेकडो डॉलरचं.

मी मालकीणबाईंना बोलावलं. त्यांनी चष्मा बदलला, अकराही पानं एकेक करून प्लास्टिकच्या पाकिटात सरकवली आणि मगच बोलल्या. ‘या पानांना वीस डॉलर नाहीत. आमच्याकडून एवढे मिळतील.’ आकडा कागदावर लिहिला. त्याखाली आणखी दोन दुकानांची नावं लिहिली. ‘इथेही दाखवा. मग ठरवा.’ बाई खुर्चीवर बसल्या आणि त्यांना रडू आलं. तीन दिवसांनी त्या परत आल्या. सगळ्यात महागडी चार पानं त्यांनी दुसऱ्या दुकानात जास्त भावाने विकली होती, उरलेली आम्हाला दिली. मला थोडं वाईट वाटलं. मालकीणबाईंना नाही वाटलं. ‘त्यांना ठाऊक नव्हतं आणि आपल्याला होतं,’ एवढंच त्या म्हणाल्या.

तुमच्याकडे विकायला काही नसलं, तरी या काउंटरपाशी दहा मिनिटं उभं राहून ऐका. न कळणाऱ्या माणसाला इथे काय भाव सांगतात, ते ऐकलं की मुलाला इथे एकटं सोडायचं की नाही ते आपोआप कळतं.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे सगळं बंद झालं. सुरुवातीचा मोठा उद्रेक आमच्या शेजारच्या कर्कलंडमधलाच. टेबलं भिंतीला लावून ठेवली आणि आम्ही फोनवर खेळ विकायला लागलो. गिऱ्हाईक गाडीची डिकी उघडी ठेवायचं आणि मी मास्क लावून खोकं आत ठेवायचे. नेहमीच्या लोकांनी गरज नसताना क्रेडिट विकत घेऊन ठेवलं, म्हणून त्या वर्षीचं भाडं निघालं. मग २०२१ मध्ये पोकेमॉनच्या पानांची लाट आली. मोठे लोक रांगा लावून खोकीच्या खोकी उचलायचे आणि दुप्पट भावाने विकायचे. विस्कॉन्सिनमध्ये एका टार्गेटच्या वाहनतळावर या पानांवरून मारामारी झाली आणि मे महिन्यात टार्गेटने आपल्या दुकानांतून ती विकणंच थांबवलं. आमच्याकडे एक जण सगळा साठा रोखीने घ्यायला तयार होता. छापील किमतीहून जास्त देत होता. मालकीणबाईंनी दारावर हाताने लिहून कागद लावला: माणशी दोन पाकिटं, छापील किमतीत, लहान मुलांना आधी. त्या महिन्यात पैशांची किती ओढाताण होती ते मला माहीत आहे. हिशेब मीच लिहायचे.

किमतीबद्दल माझं मत ठाम आहे. ऑनलाइन तोच खेळ पाच-दहा डॉलरने स्वस्त मिळतो, हे खरं. छापील किमतीच्या निम्म्याहून थोडं जास्त तर दुकानाला माल घ्यायलाच पडतं, उरलेल्यातून भाडं, पगार, वीज आणि ती टेबलं. टेबलांवर रात्री अकरापर्यंत बसून खेळायचं, माणसांकडून खेळ शिकायचा आणि मग फोनवर स्वस्तात मागवायचा, हे मला पटत नाही. सगळंच तिथून घ्या असं म्हणत नाही. पण जो खेळ तुम्हाला त्या टेबलावर कळला, तो त्या काउंटरवरच घ्या.

बाकी पारख सोपी आहे. स्वच्छतागृह बघा. टेबलांवर उजेड पुरेसा आहे का बघा. शुक्रवारी रात्री आठ वाजता मागच्या खोलीत कोंदट वास मारत असेल, तर मालक मागे येत नाही असं समजा. खेळणाऱ्यांत बायका आणि मुली आहेत का, आणि त्या पुढच्या आठवड्यातही दिसतात का, हे मी आवर्जून बघते. वॉरहॅमरसारख्या छोट्या सैनिकांच्या खेळाची आवड असेल तर रंगवायचं टेबल आणि मांडून ठेवलेले डोंगर आणि पडकी घरं हवीत. त्या जगाचा मला फारसा अनुभव नाही, तिथल्या माणसांनाच विचारा.

आणि अंतर. सिॲटल आणि आमची बाजू यांच्यामध्ये अख्खं तळं आहे, त्यावरून तरंगत्या पुलांचे दोन मार्ग. ५२० क्रमांकाच्या महामार्गाच्या पुलाला टोल, आणि शुक्रवारी संध्याकाळी दोन्हींवर रांग. पलीकडचं नावाजलेलं दुकान महिन्यातून एकदा जमतं. खेळ दर आठवड्याला लागतो. पूर्ण कुटुंबाला पहिल्यांदा या जगाची ओळख करून द्यायची असेल, तर बॅलार्डमध्ये आणि बेलव्ह्यूमध्ये मॉक्स बोर्डिंग हाऊस आहे. जेवता येतं, खेळ काढून बसता येतं, लहान मुलं कंटाळत नाहीत. तिथे एकदा जरूर जा. पण मोठं आणि झगमगीत म्हणजे टिकाऊ, असं धरू नका. विझार्ड्सने स्वतः १९९७ मध्ये सिॲटलच्या विद्यापीठ परिसरात भलंमोठं खेळकेंद्र उघडलं होतं. ते काही वर्षांतच बंद झालं. घरापासून पंधरा मिनिटांवरचं, तुमचं नाव लक्षात ठेवणारं दुकान धरा.

२०२२ च्या सुरुवातीला मी दुसरी नोकरी धरली. दुकान चालू आहे, मालकीणबाई अजून काउंटरवर असतात, आणि शक्य होईल त्या शुक्रवारी मी तिथे गिऱ्हाईक म्हणून जाते. मागच्या महिन्यात नुकतंच नागपूरहून आलेलं एक जोडपं दहा वर्षांच्या मुलीला घेऊन पायपुसण्यावर उभं होतं. मी उठायच्या आधीच तो सुतार उठला होता.

तुम्ही नव्या शहरात असाल तर एवढंच करा. शुक्रवारी सहाच्या सुमाराला जा. काही विकत घ्यायचं नाही असं ठरवून जा. दाराशी थांबा आणि वाट बघा. पाच मिनिटांत कुणी ‘खेळणार का?’ म्हणून विचारलं, तर पुढच्या शुक्रवारी मुलांना घेऊन तिथेच जा. नाही विचारलं, तर दुसरं दुकान बघा. पहिल्या दुकानाच्या अनुभवाने माझ्यासारखं दीड वर्ष घरी बसू नका.